सराव परीक्षेतले गुण आणि गेटची तयारी

गेट, म्हणजे अभियांत्रिकीच्या एम.टेक. या पदव्युत्तर प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. तिचे अर्ज भरणे सुरू झाले की आमच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातील तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची मुले-मुली दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात: ‘मॅडम, टेस्ट सिरीज (विकत मिळणारी सराव परीक्षांची मालिका) कधी लावू?’ या प्रश्नामागे त्यांचा बेत बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. आधी अभ्यासक्रम संपवायचा, मग उजळणी करायची आणि डिसेंबर उजाडला की सराव परीक्षा द्यायला लागायचे, असा तो बेत. नाशिकच्या गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांत सकाळपासून जागा धरून बसणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांचा क्रम हाच आहे. मला हा क्रम उलटा वाटतो. तो का उलटा वाटतो आणि त्याऐवजी काय करावे, हे मी वर्गात तुकड्या-तुकड्याने सांगत आले आहे. ते एका जागी नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

सराव परीक्षा म्हणजे झालेला अभ्यास मोजण्याचे साधन, ही समजूत या क्रमाच्या मुळाशी आहे. मोजायचे तर मोजण्याजोगे काही साठलेले हवे, म्हणून परीक्षा शेवटी. पण आठवण्याचा प्रयत्न करणे हीच शिकण्याची एक प्रभावी रीत आहे, हे मानसशास्त्रातील प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लहान उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचले आणि मग उतारा समोर नसताना जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेलेच पुढे होते: त्यांना सुमारे 81 टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना 75 टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र पालटले. दोनदा वाचलेल्यांपाशी 42 टक्के उरले होते आणि एकदा वाचून आठवून लिहिलेल्यांपाशी 56 टक्के. लिहून काढताना त्यांचे काय चुकले हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

या आकड्यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पहिला भाग, म्हणजे पाच मिनिटांनंतरचा. पुन्हा वाचणाऱ्याला त्या क्षणी खरोखरच जास्त येत असते, म्हणून आपला अभ्यास चांगला चालला आहे असे त्याला मनापासून वाटते. थर्मोडायनॅमिक्सच्या स्वतःच्या सुवाच्य नोट्स तिसऱ्यांदा वाचणाऱ्या विद्यार्थिनीला प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान, असा तिचा समज होतो. फेब्रुवारीतल्या गेटच्या त्या तीन तासांत मात्र नोट्स समोर नसतात. म्हणून दोन-तीन विषय एकदा वाचून झाले की, बाकीचे सात-आठ विषय अजून हातातही घेतलेले नसले तरी, झालेल्या विषयांवर वेळ लावून प्रश्न सोडवायला बसावे, असे मी सांगते. त्या वेळी गुण कमी पडतात. ते पडणारच, आणि त्यांनी कोणी खचून जाऊ नये. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत दर रविवारी गुणांचे स्क्रीनशॉट फिरतात. त्या स्पर्धेत न उतरणे हे तयारीच्या पहिल्या महिन्यांत मनाला फार हितकर असते.

टेस्ट सिरीज विकणाऱ्या बहुतेक संस्था आधी प्रकरणनिहाय, मग विषयनिहाय आणि शेवटी पूर्ण अभ्यासक्रमाच्या अशा चाचण्या देतात. प्रकरणनिहाय चाचण्यांत विद्यार्थी छान गुण मिळवतात आणि पूर्ण चाचणीत एकदम घसरतात. याचे कारण ते ‘परीक्षेचे दडपण’ असे सांगतात. दडपण असते हे मान्य, पण खरे कारण मला निराळे दिसते. प्रकरणनिहाय चाचणी सर्वांत अवघड काम विद्यार्थ्याच्या वतीने आधीच करून ठेवते: हा प्रश्न कोणत्या तत्त्वाने सोडवायचा, हे तिच्या शीर्षकातच लिहिलेले असते.

एक उदाहरण घेते. उष्णतारोधक, निर्वात टाकीला हवेच्या मोठ्या वाहिनीशी जोडून झडप उघडली आणि टाकीतला दाब वाहिनीइतका झाल्यावर झडप बंद केली, तर टाकीतल्या हवेचे अंतिम तापमान किती, असा प्रश्न अस्थिर प्रवाहाच्या प्रकरणाखाली विचारला तर वर्गातली निम्मी मुले तो सोडवतात. वाहिनीतल्या हवेची एन्थाल्पी ही टाकीतल्या हवेची अंतर्गत ऊर्जा होते, म्हणून अंतिम निरपेक्ष तापमान हे वाहिनीच्या तापमानाच्या गॅमापट, म्हणजे हवेसाठी 1.4 पट, येते. हवा 300 केल्विनला असेल तर 420 केल्विन. हाच प्रश्न पूर्ण प्रश्नपत्रिकेत, अलीकडे बीमचे नमन आणि पलीकडे साठा व्यवस्थापन असताना आला की ‘टाकी’ हा शब्द वाचून अनेक जण तिला बंद प्रणाली धरतात आणि तापमान बदलणारच नाही असे लिहून मोकळे होतात. त्यांना सूत्र येत नव्हते असे नाही. हे सूत्र वापरायची वेळ आली आहे, हे त्यांना ओळखता आले नाही.

ही ओळख मिसळलेल्या सरावातूनच येते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील डग रोरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एका आकृतीची सगळी उदाहरणे सोडवून मग दुसरी घेतली, तर दुसऱ्या गटाला चारही आकृतींची उदाहरणे मिसळून दिली. सराव चालू असताना पहिल्या गटाची 89 टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट 20 टक्क्यांवर आला आणि मिसळून सोडवणारा 63 टक्क्यांवर राहिला. हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, कारण सरावात कमी गुण मिळणारी पद्धत परीक्षेत जास्त गुण देऊ शकते, ही गोष्ट आकड्यांवाचून कोणाला पटत नाही. म्हणून प्रकरणनिहाय चाचणी फार तर ते प्रकरण संपल्याच्या आठवड्यात एकदा द्यावी, आणि त्यानंतर त्या प्रकरणाचे प्रश्न इतर विषयांत मिसळूनच समोर यावेत अशी व्यवस्था करावी. टेस्ट सिरीज तशी सोय देत नसेल तर ती स्वतः करावी. मागच्या प्रश्नपत्रिकांतले झालेल्या विषयांचे वीस प्रश्न मैत्रिणीने निवडून, क्रम विस्कटून, विषयाचे नाव न लिहिता दिले तरी पुरते.

आता प्रश्नपत्रिकेच्या घडणीकडे वळते, कारण सराव तिच्या मापाने बेतलेला असावा लागतो. गेटची प्रश्नपत्रिका तीन तासांची, 65 प्रश्नांची आणि 100 गुणांची असते. त्यांपैकी 10 प्रश्न आणि 15 गुण सामान्य क्षमतेचे असतात. यंत्र अभियांत्रिकीत अभियांत्रिकी गणिताला साधारण 13 गुण असतात आणि उरलेले 72 मुख्य विषयांचे. प्रश्नांचे प्रकार तीन: एकच योग्य पर्याय असलेले बहुपर्यायी प्रश्न, एक किंवा अधिक पर्याय योग्य असू शकतील असे एमएसक्यू, आणि उत्तराची संख्या स्वतः भरायची असे संख्यात्मक प्रश्न. ऋण गुण फक्त पहिल्या प्रकाराला आहेत. एका गुणाचा प्रश्न चुकला तर एक तृतीयांश आणि दोन गुणांचा चुकला तर दोन तृतीयांश गुण वजा होतो. एमएसक्यूला अंशतः गुण मिळत नाहीत, पण चुकल्याचा दंडही नाही.

‘ऋण गुण आहेत, म्हणून खात्री असल्याशिवाय हात लावू नका,’ हा सल्ला शिकवणीवर्गांतून सर्रास दिला जातो. तो सरसकट पाळला तर नुकसान होते, आणि ते कसे हे हिशेबाने पाहता येते. काहीच माहिती नसताना चार प्रश्नांवर अंदाज लावला तर सरासरीने एक बरोबर येतो आणि तीन चुकतात; मिळालेला एक गुण तीन चुकांत वजा होऊन हाती शून्य उरते. चारपैकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर अशा नऊ प्रश्नांत तीन बरोबर आणि सहा चूक, म्हणजे तीनातून दोन गेले आणि एक गुण उरला. दोन पर्याय बाद करता आले तर सहा प्रश्नांमागे दोन गुण उरतात. म्हणजे निव्वळ अंदाजाने सरासरीने तोटा होत नाही, आणि अर्धवट ज्ञानाने होतो तो फायदाच, मात्र बाद केलेला पर्याय खरोखरच चुकीचा असायला हवा.

हा शेवटचा ‘मात्र’ फार महत्त्वाचा आहे आणि तो तपासायची एकमेव जागा सराव परीक्षा आहे. प्रश्न काढणारे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांवरूनच बनवतात. त्रिज्येऐवजी व्यास वापरला तर येणारे उत्तर पर्यायांत असते, गेज दाबाला निरपेक्ष दाब धरले तर येणारेही असते. त्यामुळे अर्धवट माहिती असलेल्याचा अंदाज कधी कधी डोळे मिटून लावलेल्या अंदाजापेक्षाही वाईट ठरतो. यासाठी मी विद्यार्थ्यांना सराव परीक्षा देताना कच्च्या कागदाच्या कडेला प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करायला सांगते: खात्री असेल तर ‘ख’, पर्याय बाद करून पोहोचलो असू तर ‘ब’, निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. परीक्षा झाल्यावर या तीन गटांतल्या बरोबर उत्तरांचे प्रमाण वेगवेगळे काढावे. ‘ब’ गटातली एक चतुर्थांशाहून बरीच जास्त उत्तरे सातत्याने बरोबर येत असतील तर त्या विद्यार्थ्याने फेब्रुवारीत असे प्रश्न सोडू नयेत. ते प्रमाण एक चतुर्थांशाखाली घसरत असेल तर बाद करण्याची त्याची रीत सदोष आहे आणि ती कोणत्या विषयात सदोष आहे हेही याच नोंदीतून कळते. पाच-सहा पूर्ण परीक्षांच्या नोंदी हाती असतील तर ‘धोका पत्करू की नको’ हा प्रश्न परीक्षागृहातल्या मनःस्थितीवर सोडावा लागत नाही.

संख्यात्मक प्रश्न आणि एमएसक्यू मात्र कोरे सोडण्याचे काहीच कारण नाही. सराव परीक्षा संपताना या दोन प्रकारांतला एकही प्रश्न रिकामा राहिला नाही ना, हे पाहण्यासाठी शेवटची चार मिनिटे राखून ठेवायची सवय लावून घ्यावी. ही सवय सांगून लागत नाही, दर वेळी केल्यानेच लागते.

परीक्षा संगणकावर होते आणि स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही; पडद्यावरचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर माऊसने चालवावा लागतो. चार वर्षे हातातल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर बोटे बसलेल्या विद्यार्थ्याला हा बदल फार जड जातो. हत्याराच्या आयुष्याचे टेलरचे समीकरण घ्या. व्ही गुणिले टीचा एनवा घात बरोबर सी, आणि हा घातांक अपूर्णांकी. हातातल्या यंत्रावर जे दहा सेकंदांत होते त्याला माऊसने तिप्पट वेळ लागतो आणि मध्येच कंस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, ही निवडही पडद्यावरच पाहावी लागते. म्हणून सरावाचा अगदी साधा प्रश्नसुद्धा घरी कागदावर सोडवताना लॅपटॉपवर तोच कॅल्क्युलेटर उघडून ठेवावा. परीक्षेचे आयोजन करणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर सराव चाचणीचा दुवा देते. तिचा पडदा प्रत्यक्ष परीक्षेसारखाच असतो. उत्तर दिलेला प्रश्न हिरवा, पाहून सोडलेला लाल, पुनर्विचारासाठी राखलेला जांभळा, आणि उत्तर देऊन राखलेलाही तपासला जातो, हे नियम तिथे हाताने करून पाहिले की डोक्यात पक्के बसतात. मोबाईलवर, झोपून, मधूनमधून संदेश पाहत दिलेली चाचणी ही सराव परीक्षा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षा देऊन झाल्यावरचे काम हा या सगळ्याचा गाभा आहे आणि नेमके तेच सर्वाधिक टाळले जाते. तीन तासांच्या परीक्षेनंतर किमान तेवढाच वेळ, आणि सुरुवातीच्या काळात त्याहून जास्त, तिच्या विश्लेषणाला द्यायला हवा. आमच्याकडचे विद्यार्थी बहुधा गुण पाहतात, क्रमांक पाहतात, चुकलेल्या प्रश्नांची छापील उत्तरे वाचतात, ‘अरे, हे तर येत होते’ म्हणतात आणि पुढच्या चाचणीची वाट पाहतात. छापील उत्तर वाचणे म्हणजे पुन्हा तेच पुनर्वाचन झाले. त्याऐवजी चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न, उत्तर न पाहता आणि वेळेचे बंधन न ठेवता, कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावा. तो आता सुटला तर अडचण वेळेची, घाईची किंवा वाचनाची होती. आताही सुटला नाही तर पुस्तक उघडून ते तत्त्व वाचावे, पण उत्तरपत्रिका अजूनही उघडू नये. पुस्तक वाचूनही मार्ग दिसला नाही तरच ती पाहावी. या पायऱ्यांनी जाताना एका प्रश्नाला वीस मिनिटे लागतात आणि त्या वीस मिनिटांत जे शिकून होते ते वर्गात तासभर बसून होत नाही, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

मग त्या चुकीची नोंद वहीत करायची. ही नोंद ‘सिली मिस्टेक’ अशा दोन शब्दांत कधीही करू नये. त्या शब्दांतून पुढच्या वेळी काय वेगळे करायचे ते कळत नाही. ‘प्रारणाच्या सूत्रात तापमान सेल्सिअसमध्ये घातले, चौथा घात दिसला की आधी केल्विन,’ अशी नोंद हवी. ‘प्रश्नात खालीलपैकी कोणते विधान अयोग्य असे होते, मी योग्य वाचले,’ अशी हवी. ‘या प्रश्नावर नऊ मिनिटे घालवली, तिसऱ्या मिनिटालाच सोडायला हवा होता,’ हीदेखील नोंदच आहे. महिनाभराने ती वही चाळली की प्रत्येकाची चुकण्याची स्वतःची अशी ठरलेली चार-पाच ठिकाणे दिसू लागतात. कोणाचे एककांत चुकते, कोणाचे चिन्हांत, तर कोणाला मोहरच्या वर्तुळात कोन दुप्पट घ्यायचा राहतो. हे ज्ञान कोणत्याही शिकवणीवर्गात विकत मिळत नाही.

वर सांगितलेली ‘ख’ ही खूण इथे पुन्हा उपयोगी पडते. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी 2001 मध्ये दाखवून दिले, की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला पक्की खात्री होती, ती चूक दुरुस्त करून दिली तर ती खात्री नसलेल्या चुकीपेक्षा अधिक सहजतेने सुधारते. आपण चुकलो याचे आश्चर्य वाटते आणि लक्ष तिकडे खेचले जाते. म्हणून ‘ख’ लिहिलेले आणि तरी चुकलेले प्रश्न सर्वांत आधी हाती घ्यावेत. संख्येने ते थोडे असतात, पण विद्यार्थ्याच्या समजेत कुठे तरी पायाच वाकडा बसला आहे हे तेच दाखवतात.

टेस्ट सिरीजच्या दर्जाबद्दल थोडे. दोन-तीन सिरीज एकाच वेळी लावणाऱ्यांना मी परावृत्त करते. पैसा जातो आणि विश्लेषणाला वेळ उरत नाही. अनेक सिरीजमध्ये प्रश्न विनाकारण लांबलचक आकडेमोडीचे असतात, तर प्रत्यक्ष गेटचे प्रश्न आकडेमोडीपेक्षा संकल्पनेवर नेमके बोट ठेवतात. उत्तरसूचीही चुकते. गेटच्या अधिकृत उत्तरसूचीवरसुद्धा उमेदवारांना शुल्क भरून हरकत घेता येते. मग खासगी सूची प्रमाण मानून स्वतःचे योग्य उत्तर खोडण्याचे कारण नाही. उत्तर पटत नसेल तर पुस्तकाशी ताडावे आणि आम्हा शिक्षकांकडे घेऊन यावे. राहता राहिला सिरीजमधला क्रमांक. गेटचा स्कोअर त्या वर्षी त्या विषयाला बसलेल्यांच्या कामगिरीवरून काढतात: सर्वसाधारण गटासाठीच्या पात्रता गुणांना 350 आणि सर्वांत वरच्या 0.1 टक्का किंवा दहा उमेदवारांच्या, जे जास्त असतील त्यांच्या, सरासरी गुणांना 900 असे धरून मधले मोजमाप बसवलेले असते. काही हजार ग्राहकांतल्या क्रमांकावरून त्या स्कोअरचे भाकीत करू पाहणे मनाला त्रास देण्यापलीकडे काही साधत नाही.

खरी संपत्ती आहे ती मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची, आणि ती विनामूल्य आहे. आयोजक संस्थांच्या संकेतस्थळांवर त्या मिळतात. नव्या प्रश्नांची दर्जेदार नक्कल करता येते, पण या प्रश्नपत्रिका ज्या तोलाने बनवलेल्या असतात तो तोल नकलेत येत नाही. म्हणूनच त्या उधळू नयेत. प्रकरणनिहाय छापलेली जुन्या प्रश्नांची जाडजूड पुस्तके सोडवून सगळ्या प्रश्नपत्रिका ऑक्टोबरातच ‘संपवणारे’ विद्यार्थी जानेवारीत पूर्ण प्रश्नपत्रिका द्यायला बसतात तेव्हा निम्मे प्रश्न त्यांना पाठ असतात आणि येणाऱ्या गुणांचा काहीही अर्थ उरत नाही. माझा सल्ला असा, की सर्वांत अलीकडच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पूर्ण बाजूला ठेवाव्यात आणि प्रकरणनिहाय सरावाला त्याआधीचे प्रश्न वापरावेत. एमएसक्यू हा प्रकार 2021 पासून आला असल्यामुळे त्याआधीच्या प्रश्नपत्रिका आजच्या रचनेशी पूर्ण जुळत नाहीत. संकल्पनांच्या सरावाला त्या उत्तम आहेत, वेळेच्या नियोजनाला मात्र 2021 आणि पुढच्याच घ्याव्यात.

आपल्या भागात एक अडचण अशी आहे की जिचा विचार पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकांत नसतो. गेट फेब्रुवारीत होते, आणि निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या द्राक्षबागांची तोडणी ऐन भरात असते ती याच दिवसांत. ऑक्टोबरच्या छाटणीपासून घरात औषधफवारणी, डिपिंग (द्राक्षघड द्रावणात बुडवणे), मजुरांची जमवाजमव यांची धावपळ असते आणि शेतकऱ्याचा अभियांत्रिकीत शिकणारा मुलगा त्यातून मोकळा राहू शकत नाही, राहू इच्छितही नाही. निफाड तालुक्यातल्या अशा एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, की सलग तीन तास मिळतच नाहीत तर सराव परीक्षा कशी द्यायची. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करून गेट देणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांचाही प्रश्न तोच असतो. एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्या गेट-पात्र विद्यार्थ्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. या घरांसाठी ही रक्कम आणि ती पदवी दोन्ही मोलाच्या आहेत, म्हणून त्यांची अडचण ‘वेळ काढायलाच हवा’ असे म्हणून उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते.

त्यांच्यासाठी मार्ग असा. रोजच्या सरावाला अर्ध्या तासाचे तुकडे चालतात: अकरा मिसळलेले प्रश्न, तीस मिनिटे, पडद्यावरचा कॅल्क्युलेटर. तीन तासांत 65 प्रश्न म्हणजे प्रश्नामागे पावणेतीन मिनिटे. त्या मापाने हा तुकडा खऱ्या परीक्षेच्या गतीचाच होतो. प्रश्न ओळखणे, सोडून पुढे जाणे, अंदाजाचा हिशेब ठेवणे ही तिन्ही कौशल्ये यात तयार होतात. एकच गोष्ट यातून होत नाही, ती म्हणजे तिसऱ्या तासातली चिकाटी. तिच्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दोन-तीन आठवड्यांतून एक सलग पूर्ण परीक्षा तरी हवीच, आणि ती घरी न देता शहरातल्या अभ्यासिकेत किंवा महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत द्यावी. त्या विद्यार्थ्याने घरच्यांना या तारखा दिवाळीतच सांगून ठेवल्या होत्या आणि वडिलांनी त्या पाळल्या. गेटची सत्रे सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि दुपारी अडीच ते साडेपाच अशी असतात. पूर्ण सराव परीक्षा याच वेळांत, शक्य तर दोन्ही वेळा आलटून-पालटून, घ्यावी. जेवणानंतरचे दुपारचे सत्र ज्यांना जड जाते त्यांना ते आधी कळलेले बरे.

पूर्ण परीक्षा एकूण किती द्याव्यात, याला मी आकडा सांगत नाही. विश्लेषण पूर्ण झाल्याशिवाय पुढची परीक्षा द्यायची नाही, एवढा एक नियम पाळला की संख्या आपोआप ठरते आणि ती बहुधा मित्रांच्या संख्येपेक्षा कमी असते. शेवटच्या आठवड्यात नवी पूर्ण परीक्षा देऊ नये. तिचे विश्लेषण नीट होणार नाही आणि गुण कमी आले तर मन उगाच डळमळेल. त्या दिवसांत चुकांच्या वहीतले प्रश्न, उत्तर झाकून, पुन्हा सोडवावेत.

शेवटी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेटला बसता येते आणि स्कोअर तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. शुल्क परवडत असेल तर अभ्यासक्रम अपुरा असतानाही त्या वर्षी परीक्षेला बसावे, असे मला वाटते; केंद्रावरची तपासणी, दिलेला कच्चा कागद, अनोळखी माऊस आणि शेजारच्यांची कुजबुज यांसह होणारी याहून चांगली सराव परीक्षा दुसरी नाही. परीक्षेनंतर उमेदवाराने दिलेल्या उत्तरांची नोंद आणि उत्तरसूची संकेतस्थळावर येते. ती वेळेत उतरवून घ्यावी, प्रश्नपत्रिकेशेजारी ठेवावी, आणि तिचेही विश्लेषण त्याच वहीत, त्याच पायऱ्यांनी, निकाल लागायच्या आधीच पूर्ण करावे.